सायट्रिक आम्ल आणि मूत्राशयाचा कर्करोग : प्रस्तावना

सायट्रिक आम्ल आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्या संबंधाचा विषय निघाला की दोन टोकांची विधाने हटकून पुढे येतात : हे आम्ल कर्करोग घडवते हे एक, आणि हे आम्ल कर्करोग बरा करते हे दुसरे. पहिल्या विधानाचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे 1976 च्या सुमारास फ्रान्समध्ये हातोहात फिरू लागलेले एक पत्रक. खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांची यादी देऊन त्यांपैकी ई 330, म्हणजेच सायट्रिक आम्ल, हे सर्वांत घातक असल्याचे त्यात ठामपणे सांगितले होते आणि मजकुराला वजन यावे म्हणून पॅरिसलगतच्या विलज्विफ येथील नामांकित कर्करोग रुग्णालयाचे नाव त्याला चिकटवले होते. गुस्ताव्ह रूसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेने या पत्रकाशी आपला काहीही संबंध नसल्याचे जाहीर केले, तरी ते युरोपभर पसरत राहिले, आणि जाँ-नोएल कापफेरेर या अभ्यासकाने अफवा कशी वाढते हे दाखवण्यासाठी पुढे त्याचा स्वतंत्र अभ्यास केला. दुसऱ्या विधानासाठी मराठी वाचकाला फ्रान्सपर्यंत जावे लागत नाही. लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण केमोथेरपीपेक्षा हजारो पटींनी प्रभावी असल्याचा मजकूर महाराष्ट्रातील असंख्य मोबाइलवर येऊन गेलेला आहे. लघवीतून रक्त जाऊ लागल्यावर अशा मजकुरावर विसंबून जो रुग्ण काही महिने तपासणी टाळतो, त्याच्या मूत्राशयाच्या अस्तरापुरती मर्यादित असलेली गाठ तेवढ्या अवधीत स्नायूच्या थरात उतरू शकते, आणि मग दुर्बिणीतून गाठ खरवडून काढण्याऐवजी संपूर्ण मूत्राशय काढण्याची वेळ येते.

ही दोन्ही विधाने वरवर एकमेकांविरुद्ध असली तरी त्यांच्यातील चूक एकच आहे, आणि ती चूक ओळखणे हा या विषयाच्या अभ्यासाचा पाया आहे. सायट्रिक आम्ल हा एकच पदार्थ असून तो शरीरात कोठेही, कोणत्याही रूपात, कोणत्याही प्राण्यात सारखाच वागतो, असे दोन्हीकडे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात अन्नातले सायट्रिक आम्ल, पेशीच्या आत सतत तयार होऊन खर्च होणारे सायट्रेट आणि लघवीतून बाहेर पडणारे सायट्रेट या तीन गोष्टींवरचे संशोधन वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरे देते, आणि एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवले की अर्थाचा अनर्थ होतो.

अन्नातल्या आम्लाची ओळख थोडक्यात करून घेता येईल. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने 1784 मध्ये लिंबाच्या रसातून हे आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. लिंबाच्या रसात त्याचे प्रमाण साधारण 5 टक्के असते. दीडशे वर्षांच्या आत त्याचे उत्पादन लिंबावर अवलंबून राहिले नाही, कारण ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून हे आम्ल मोठ्या प्रमाणात तयार करते, असे जेम्स करी याने 1917 मध्ये दाखवून दिले आणि आज ढोकळ्यात, सरबतात किंवा पनीर करताना दुधात घातले जाणारे लिंबूसत्त्व बहुतांशी याच मार्गाने येते. रेणू मात्र तोच असतो. अन्नातील मिश्रद्रव्यांची तपासणी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या आम्लाच्या दैनंदिन सेवनावर कोणतीही संख्यात्मक मर्यादा घातलेली नाही.

येथे आम्ल आणि त्याचे क्षार यांतील फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढील सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सायट्रिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजनच्या जागी सोडियम किंवा पोटॅशियम आले की सायट्रेट क्षार तयार होतो. आम्ल खाल्ले काय किंवा क्षार खाल्ला काय, सायट्रेटचा भाग शरीरात बहुतांशी जाळला जातो; परंतु क्षाराच्या बाबतीत मागे उरलेल्या सोडियम वा पोटॅशियमबरोबर बायकार्बोनेट शिल्लक राहते आणि लघवी अल्कधर्मी होते, तर शुद्ध आम्लाच्या बाबतीत तसे घडत नाही. लघवीची जळजळ थांबवण्यासाठी दिले जाणारे गोडसर औषध किंवा मूतखडा होऊ नये म्हणून दिले जाणारे पोटॅशियम सायट्रेट याच गुणावर काम करते. द्रावणाची आम्लता मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात; 7 हा सामू उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर अल्कधर्मी. निरोगी माणसाच्या लघवीचा सामू सामान्यतः 6 च्या आसपास असतो, पण आहारानुसार तो 4.5 पासून 8 पर्यंत हलतो, आणि शरीरातील फारच थोड्या द्रवांना इतकी मोकळीक असते.

मूत्राशय हा या बदलत्या द्रवाचा साठा तासन्‌तास धरून ठेवणारा अवयव आहे आणि त्याच्या कर्करोगाचा इतिहास म्हणजे मोठ्या अंशी लघवीवाटे आलेल्या विषांचा इतिहास आहे. फ्रँकफर्टचा शल्यचिकित्सक लुडविग रेन याने 1895 मध्ये फुक्सिन हा रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे नोंदवले. विल्हेल्म ह्यूपर याने 1938 मध्ये 2-नॅफ्थिलअमाइन हे रंगनिर्मितीतील द्रव्य कुत्र्यांना देऊन तोच रोग घडवून दाखवला. आणि रॉबर्ट केस याने 1954 मध्ये ब्रिटिश रंगकामगारांच्या नोंदींवरून हा धोका आकड्यांत मांडला. ही द्रव्ये अरोमॅटिक अमाइन या वर्गातली आहेत आणि तंबाखूच्या धुरातही ती असतात. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या बाबतीत धूम्रपान हे कारण मानले जाते. जगभरात 2022 साली या रोगाचे सुमारे 6 लाख 14 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 2 लाख 20 हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. बहुसंख्य गाठी मूत्राशयाच्या अस्तरातून, म्हणजे युरोथेलियममधून उगवतात. इजिप्तसारख्या प्रदेशांत मात्र शिस्टोसोमा हिमॅटोबियम या परजीवी कृमीमुळे होणारा वेगळ्या पेशींचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळत आला आहे, आणि या कृमीचे भारतातील दुर्मीळ ठाणे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये दाखवून दिले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानेही क्वचितच ऐकलेली असते. या संपूर्ण कारणमालिकेत सायट्रिक आम्ल कोठेही नाही. मग संबंधाचा प्रश्न आला कोठून?

तो आला उंदरांवरील प्रयोगांतून, आणि हे प्रयोग बारकाईने पाहण्यासारखे आहेत. जपानमधील नागोया शहर विद्यापीठात नोबुयुकी इतो आणि शोजी फुकुशिमा यांचा संशोधकगट कर्करोगाची दोन पायऱ्यांची घडण तपासत होता. या पद्धतीत प्रथम ब्यूटिल-हायड्रॉक्सीब्यूटिल-नायट्रोसमाइन नावाचे द्रव्य काही आठवडे पिण्याच्या पाण्यातून देतात. त्यामुळे मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींच्या डीएनएला इजा होते आणि रोगाचे बीज रोवले जाते. त्यानंतर ते थांबवून ज्या पदार्थाची परीक्षा करायची तो आहारात मिसळतात आणि त्याच्यामुळे गाठींची संख्या वाढते का, हे पाहतात. जे द्रव्य स्वतः बीज रोवत नाही, पण रोवलेले बीज वाढवते, त्याला प्रवर्तक म्हणतात. 1986 मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता की आहारात 5 टक्के प्रमाणात दिलेले सोडियम सायट्रेट हे उंदरांच्या मूत्राशयात असे प्रवर्तक ठरते.

हा निष्कर्ष एकट्याने वाचला तर विलज्विफचे पत्रक खरे ठरल्याचा भास होतो, आणि पुढे अनेकांनी तो तसाच वाचला. परंतु याच काळातील याच प्रकारच्या प्रयोगांत शुद्ध सायट्रिक आम्ल देऊन पाहिले गेले, तेव्हा गाठी वाढल्या नाहीत. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, याच्या बाबतीतही हेच घडले : त्याचा सोडियम क्षार प्रवर्तक ठरला, आम्ल ठरले नाही. खाण्याच्या सोड्यानेही गाठी वाढल्या, ज्याचा सायट्रेटशी काडीचाही संबंध नाही. ज्या उंदरांना सोडियम क्षारासोबत लघवी आम्लधर्मी करणारे अमोनियम क्लोराइड दिले गेले, त्यांच्यात हा परिणाम दबून गेला. या सगळ्या तुकड्यांना जोडणारा धागा सायट्रेट नसून लघवीचा चढलेला सामू आणि तिच्यातील वाढलेले सोडियम हा आहे. ज्या मिश्रणाला चमत्कारी औषध म्हणून मिरवले जाते, त्यातील लिंबू आणि सोडा एकत्र आले की सोडियम सायट्रेटच तयार होते, म्हणजे प्रयोगशाळेत प्रवर्तक ठरलेला नेमका तोच क्षार, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मात्रेचाही विचार करावा लागतो. सुमारे 300 ग्रॅम वजनाचा उंदीर दिवसाला 15 ग्रॅम आहार घेतो असे धरले, तर 5 टक्क्यांच्या हिशेबाने त्याच्या पोटात पाऊण ग्रॅम क्षार जातो; 60 किलो वजनाच्या माणसासाठी त्याच गुणोत्तराने ही मात्रा रोज 150 ग्रॅम होईल. कोणीही माणूस इतका क्षार खात नाही, आणि खाल्ला तर मूत्राशयाच्या आधी त्याचे हृदय आणि मूत्रपिंडे धोक्यात येतील.

उंदराच्या मूत्राशयात सोडियम क्षारांमुळे नेमके काय घडते, याचे उत्तर सॅकरिन या कृत्रिम गोडद्रव्याच्या वादातून मिळाले. कॅनडातील प्रयोगात सॅकरिन खाल्लेल्या नर उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्याचे दिसल्यावर 1977 मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला, लोकांच्या विरोधामुळे तो मागे पडला आणि पाकिटावर धोक्याची सूचना छापण्याची सक्ती झाली. नेब्रास्का विद्यापीठातील सॅम्युएल कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील वर्षांत दाखवून दिले की नर उंदराच्या लघवीत प्रथिने मुळातच फार असतात, तिचा सामू चढला की तिच्यात कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण जमतात, हे कण अस्तराच्या पेशींना सतत इजा करत राहतात आणि ती इजा भरून काढताना पेशींची वाढ बेसुमार होते. माणसाच्या लघवीची घडण अशी नाही. माकडांना 24 वर्षांपर्यंत सॅकरिन देऊन 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या मूत्राशयावर कोणताही परिणाम दिसला नाही. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सॅकरिनला कमी धोक्याच्या वर्गात हलवले आणि 2000 मध्ये अमेरिकेने ती छापील सूचनाही काढून टाकली. सोडियम सायट्रेटविषयीचा जपानी निष्कर्ष याच चौकटीत वाचायला हवा, आणि त्या चौकटीत तो माणसाला घाबरवणारा राहत नाही.

एवढ्यावर विषय संपला असता, पण अहमदाबादहून आलेल्या एका अभ्यासाने त्याला उलट दिशेने वळण दिले, आणि भारतीय वाचकासाठी या विषयातील हा सर्वांत मोलाचा दुवा आहे. तेथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि अमेरिकी संशोधक यांनी मिळून बेंझिडीन किंवा बेंझिडीनपासून केलेले रंग हाताळणाऱ्या 33 कामगारांची लघवी तपासली आणि 1997 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बेंझिडीन हे मूत्राशयाचा कर्करोग घडवणारे सिद्ध द्रव्य आहे. यकृत अशा अमाइनला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन ते बाहेर टाकण्याजोगे बनवते. परंतु लघवी आम्लधर्मी असेल तर ही जोड मूत्राशयातच सुटते, अमाइन पुन्हा मोकळे होते आणि अस्तराच्या पेशींत शिरून डीएनएला चिकटते. ज्या कामगारांच्या लघवीचा सामू 6 च्या खाली होता, त्यांच्या पेशींत डीएनएला चिकटलेल्या विषाचे प्रमाण सामू 7 किंवा अधिक असलेल्यांच्या तुलनेत सुमारे दहापट होते. उंदराच्या मूत्राशयाला अल्कधर्मी लघवी घातक ठरली होती. रंगकामगाराच्या मूत्राशयाला आम्लधर्मी लघवी घातक ठरली. सायट्रेट क्षार लघवीला अल्कधर्मी करत असल्यामुळे या दुसऱ्या हिशेबात तो संरक्षक ठरू शकेल, असे अनुमान निघते, आणि ते शास्त्रीयदृष्ट्या तपासण्याजोगे आहे; परंतु सायट्रेट घेणाऱ्या कामगारांना वा धूम्रपान करणाऱ्यांना पुढे कर्करोग कमी झाला, असे दाखवणारी चाचणी झाल्याशिवाय त्या अनुमानाला उपचाराचा दर्जा देता येत नाही. कामगाराच्या बाबतीत तर पहिला उपाय सामू बदलण्याचा नसून त्याच्या हातातून बेंझिडीन काढून घेण्याचा आहे, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे.

सामूचा उपयोग उपचारात खरोखर झाला तो वेगळ्या वाटेने. वरवरची गाठ काढल्यावर ती पुन्हा उगवू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध नळीवाटे थेट मूत्राशयात सोडतात, आणि हे औषध आम्लधर्मी लघवीत लवकर निकामी होते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना तोंडावाटे बायकार्बोनेट देऊन लघवी अल्कधर्मी केली, पाणी कमी पाजले, मूत्राशय पूर्ण रिकामे केले आणि औषधाची मात्रा 20 ऐवजी 40 मिलिग्रॅम ठेवली. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीतील 24.6 टक्क्यांच्या तुलनेत 41 टक्के होते. त्यातील किती श्रेय सामूचे आणि किती दुप्पट मात्रेचे, हे या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही. तरीही लघवीचा सामू ही मोजून नोंदवण्याची गोष्ट आहे, हे भान या चाचणीने मूत्रविकारतज्ज्ञांना दिले.

पेशीच्या आतील सायट्रेटची कथा स्वतंत्र आहे. हान्स क्रेब्स आणि विल्यम जॉन्सन यांनी 1937 मध्ये शेफील्ड येथे कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून अन्नातून ऊर्जा मिळवण्याचे जे चक्र उलगडले, त्याची पहिली पायरी सायट्रेट तयार होणे ही आहे. म्हणजे प्रत्येक माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हा रेणू क्षणोक्षणी घडतो आणि मोडतो. क्रेब्स ज्यांच्या प्रयोगशाळेत घडले त्या ऑटो वारबुर्ग यांनी त्याआधीच दाखवले होते की कर्कपेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही साखर अर्धवटच मोडून तिचे लॅक्टिक आम्ल करतात. सायट्रेट येथे दोन परस्परविरोधी भूमिका वठवते. पेशीत ते साचले की साखर मोडणाऱ्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, लगाम बसतो. पण तंतुकणिकेतून बाहेर पेशीद्रव्यात आले की एटीपी-सायट्रेट लायेज हे दुसरे विकर त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांतून वाढत्या गाठीला हवी असलेली मेदाम्ले तयार होतात. म्हणून काही संशोधक सायट्रेट वाढवून कर्कपेशीची उपासमार करू पाहतात, तर काही सायट्रेट मोडणारे विकर बंद करू पाहतात. फ्रान्समधील फिलिप इकार यांनी पहिल्या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला असून, प्रयोगशाळेत वाढवलेल्या अनेक प्रकारच्या कर्कपेशींवर सायट्रेटचा मारा केल्यास त्या मरतात आणि सिसप्लॅटिन या कर्करोगावरील औषधाला अधिक बळी पडतात, असे प्रयोग प्रसिद्ध आहेत. परंतु या प्रयोगांत वापरलेली सायट्रेटची तीव्रता माणसाच्या रक्तातील तीव्रतेच्या कित्येक पट असते, आणि रक्तात सायट्रेट तेवढे वाढवणे धोक्याचे आहे, कारण ते कॅल्शियम धरून ठेवते; रक्तपेढीतील पिशवीत रक्त गोठू नये म्हणून ते घालतात ते याच गुणासाठी, आणि रुग्णाच्या शरीरात तेच घडले तर हृदयाची लय बिघडते. लिंबाचे सरबत पिऊन गाठीपर्यंत अशी तीव्रता पोहोचवता येत नाही, हे या प्रयोगांचा दाखला देणाऱ्या प्रत्येकाने सोबत सांगितले पाहिजे.

लघवीतील सायट्रेटकडे रोगाची खूण म्हणून पाहण्याचाही प्रयत्न झाला आहे. लखनौतील संशोधकांनी 2010 मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांची लघवी तपासली तेव्हा टॉरिन वाढलेले आणि सायट्रेट व हिप्युरेट घटलेले आढळले. ही नोंद लक्षवेधी आहे, पण एकट्या सायट्रेटवरून निदान होणे नाही, कारण जुलाब, रक्तातील पोटॅशियमची कमतरता, मांसाहाराचा अतिरेक किंवा मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांतही ते घटते. आहाराच्या अभ्यासांत आंबट फळे अधिक खाणाऱ्यांमध्ये हा रोग कमी दिसतो तो मुख्यतः रुग्णांना आजारानंतर विचारून केलेल्या पाहण्यांत. निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत तो फरक फिका पडतो.

सायट्रिक आम्ल मूत्राशयाच्या अस्तराला थेट आणि तीव्र स्वरूपात भिडते असा प्रसंग वैद्यकात एकच आहे. हॉवर्ड सुबी आणि फुलर ऑल्ब्राइट यांनी 1943 मध्ये फॉस्फेटचे खडे विरघळवण्यासाठी सायट्रिक आम्लाचे द्रावण मूत्रमार्गात सोडण्याची पद्धत मांडली. त्यात मॅग्नेशियम मिसळले ते अस्तराचा दाह कमी व्हावा म्हणून. मूत्राशयात दीर्घकाळ नळी बसवलेल्या रुग्णांची नळी खड्यांनी तुंबू नये म्हणून अशी द्रावणे आजही वापरली जातात. अशा रुग्णांत, विशेषतः पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांत, मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असते. त्याचे कारण नळीमुळे आणि जंतुसंसर्गामुळे वर्षानुवर्षे टिकणारा दाह हे मानले जाते. त्यांपैकी कोणाचे मूत्राशय द्रावणाने धुतले आणि कोणाचे नाही एवढेच पाहून निष्कर्ष काढला, तर अधिक खडे आणि अधिक दाह असलेल्यांनाच द्रावण मिळालेले असल्यामुळे दोष नाहक आम्लाच्या माथी येईल.

हीच अडचण पोटॅशियम सायट्रेट वर्षानुवर्षे घेणाऱ्या मूतखड्याच्या रुग्णांच्या बाबतीत येते, आणि माणसांतील उत्तर शोधण्यासाठी याहून योग्य गट दुसरा नाही. स्वीडनमध्ये मूतखड्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या 61 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी 1997 मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या 1.4 पट निघाले. म्हणजे सायट्रेटचा विचार करण्याआधीच खडा स्वतः हिशेबात शिरतो. म्हणून अशा रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी करून भागणार नाही. ती ज्यांना खडा आहे पण सायट्रेट दिलेले नाही अशा रुग्णांशी करावी लागेल, आणि प्रत्येकाच्या नोंदीत धूम्रपान, व्यवसाय, खड्याचा प्रकार, क्षार सोडियमचा की पोटॅशियमचा आणि लघवीचा वेळोवेळी मोजलेला सामू या सगळ्या गोष्टी असाव्या लागतील. महाराष्ट्रात मूतखड्याचे रुग्ण विपुल आहेत आणि सामू मोजणारी कागदी पट्टी प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. ती मोजणी रुग्णाच्या कागदावर तारखेसह उतरवून जपून ठेवणे एवढ्यापासून हे काम सुरू करता येते.